डार्क वेबवरील गुन्ह्यांचा तपास आणि शिक्षा : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील कनिष्ठ वकील, विधी शाखेचे विद्यार्थी, पोलीस अंमलदार आणि काही पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कलमे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांप्रमाणे (भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम) दिली आहेत. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहिताच लागू राहते. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा न मांडता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डार्क वेब म्हणजे नक्की काय, आणि तो नुसता उघडून पाहणे हा गुन्हा आहे का?

नेहमीच्या ब्राउझरमधून न उघडणाऱ्या, टॉरसारख्या खास सॉफ्टवेअरमधूनच दिसणाऱ्या संकेतस्थळांना मिळून डार्क वेब म्हणतात. टॉरचे मूळ तंत्र १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत विकसित झाले आणि आजही पत्रकार व संशोधक ते वैध कामासाठी वापरतात. टॉर वापरण्यास सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. त्यामुळे एखाद्याच्या लॅपटॉपवर टॉर सापडला एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही, आणि दोषारोपपत्रात तसा सूर असेल तर बचाव पक्षाने त्यावर पहिल्याच संधीला हरकत घ्यावी. गुन्हा ठरतो तो तेथे जाऊन केलेल्या कृतीवरून. नुसते पाहणेही गुन्हा ठरणारा एक गंभीर अपवाद मात्र आहे. तो प्रश्न १४ मध्ये पाहावा.

२. आयपी पत्ता मिळाला की माणूस सापडतो असे ऐकतो. मग येथे अडचण कसली?

साध्या ऑनलाइन फसवणुकीत पोलीस संबंधित कंपनीकडून आयपी पत्ता मागवतात, तो कोणत्या जोडणीचा आहे हे इंटरनेट सेवा देणाऱ्याला विचारतात आणि घरापर्यंत पोहोचतात. टॉरमध्ये संदेश साधारणपणे तीन वेगवेगळ्या संगणकांतून फिरून जातो आणि प्रत्येक संगणकाला फक्त आपल्या आधीचा व नंतरचा टप्पा ठाऊक असतो. पहिल्याला पाठवणारा माहीत असतो, पण त्याला कोठे जायचे आहे हे कळत नाही. शेवटच्याला ठिकाण कळते, पण पाठवणारा कळत नाही. हे संगणक जगभरातील स्वयंसेवक चालवतात, त्यामुळे ज्याला नोटीस बजावावी असा एकच मालक नसतो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सेवा पुरवठादारांना नोंदी १८० दिवस आणि व्हीपीएन (वापरणाऱ्याचा आयपी पत्ता झाकणारी सेवा) कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपण्यास सांगितले. त्यानंतर काही व्हीपीएन कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हरच काढून घेतले. टॉरच्या स्वयंसेवकांपर्यंत तर हे निर्देश पोहोचतच नाहीत. ज्या नोंदी भारतात उपलब्ध असतात त्यांचीही मुदत धावत असते, आणि तक्रार नोंदवून घेण्यात गेलेला प्रत्येक आठवडा त्या मुदतीतून वजा होतो.

३. मग आजवर जे पकडले गेले ते कसे सापडले?

बहुतेक ठिकाणी टॉर फुटला नाही, माणूस चुकला. सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजार २०११ मध्ये सुरू झाला. त्याचा चालक रॉस उल्ब्रिख्त याने सुरुवातीच्या काळात सार्वजनिक चर्चास्थळावर आपल्या खऱ्या नावाचा ईमेल पत्ता टाकला होता, आणि तपास तेथून पुढे सरकला. १ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक वाचनालयात पकडताना एफबीआयने लॅपटॉप उघडा आणि चालू स्थितीत हाती लागेल अशी काळजी घेतली होती, कारण झाकण मिटले असते तर कूटबद्ध झालेला पुरावा बहुधा कायमचा बंद झाला असता. अल्फाबे हा त्याहून मोठा बाजार २०१७ मध्ये बंद पडला तोही नव्या सदस्यांना जाणाऱ्या स्वागताच्या ईमेलमध्ये चालकाचा वैयक्तिक पत्ता राहून गेल्यामुळे.

आपल्याकडील तपास अधिकाऱ्यांनी यातून घेण्यासारखी गोष्ट महाग सॉफ्टवेअरची नाही. जुने ईमेल, टोपणनावांची पुनरावृत्ती, पैसे रुपयांत आणण्याचा मार्ग आणि मालाचे पार्सल या चार जागी गुन्हेगार प्रत्यक्ष जगाला स्पर्श करतो, आणि त्या चारही जागा जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्याच्या आवाक्यातील आहेत.

४. बिटकॉइनने पैसे दिले की माग लागत नाही, हे खरे आहे का?

नाही. जळगावच्या सराफ्यातील एखादी खतावणी भर चौकात उघडी ठेवली, तिचे पान कोणालाही फाडता येत नाही, फक्त खातेदारांच्या नावाऐवजी आकडे लिहिले आहेत, असे समजले तर बिटकॉइनची नोंदवही कळते. प्रत्येक व्यवहार कायम आणि सर्वांना दिसतो. आकड्यामागचे नाव तेवढे शोधावे लागते. ते नाव बहुधा एक्स्चेंजवर, म्हणजे असे चलन रुपयांत बदलून देणाऱ्या संस्थेकडे मिळते, कारण रुपये घेण्यासाठी तेथे पॅन आणि बँक खाते द्यावे लागते. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने असे व्यवहार करणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या असून त्यांना ग्राहकाची ओळख पटवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे बंधनकारक आहे.

अडचण उरते ती मोनेरोसारख्या व्यवहार झाकणाऱ्या चलनांत, आणि समोरासमोर रोख पैसे देऊन केलेल्या खरेदीत. जप्तीचाही प्रश्न वेगळा आहे. वॉलेट (चलनाच्या किल्ल्या ठेवणारे ॲप) असलेला फोन मालखान्यात ठेवला म्हणजे चलन जप्त झाले असे नाही. वॉलेट दुसऱ्या यंत्रावर उघडून देणारे पुनर्प्राप्तीचे शब्द ज्या कोणाकडे असतील तो बाहेर बसून ते दुसरीकडे वळवू शकतो. म्हणून पंचांसमक्ष, न्यायालयाला कळवून, ते चलन सरकारी नियंत्रणातील वॉलेटमध्ये हलवणे आणि त्या व्यवहाराचा क्रमांक पंचनाम्यात नोंदवणे आवश्यक ठरते.

५. तालुक्याच्या ठाण्यात असा गुन्हा नोंदवतात का, की जिल्ह्यालाच जावे लागते?

नोंदवावाच लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात, हद्दीचा विचार न करता देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. नवापूर, शिरपूर किंवा रावेर येथील तक्रारदाराला ‘हे गुजरातचे’ किंवा ‘हे मध्य प्रदेशचे’ म्हणून परत पाठवणे कायद्याला धरून नाही. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

तपासाबाबत एक बारकावा वारंवार सुटतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालील गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. ग्रामीण भागातील अनेक ठाणी सहायक पोलीस निरीक्षकांकडे असतात. तेथे गुन्हा नोंदवून तपास वेळेत सक्षम अधिकाऱ्याकडे किंवा सायबर ठाण्याकडे वर्ग केला नाही, तर पुढे खटल्यात बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो.

६. पार्सल आरोपीच्या नावावर आले आणि त्यात अमली पदार्थ सापडला. एवढे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही, पण कमीही नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३५ आणि ५४ प्रमाणे ताबा सिद्ध झाला की गुन्हेगारी हेतू गृहीत धरला जातो आणि तो खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. मात्र आधी जाणीवपूर्वक ताबा सरकार पक्षाने सिद्ध करायचा असतो. कोणाच्याही नावावर कोणीही पार्सल पाठवू शकतो. डार्क वेबवर खरेदी करणारे वसतिगृहातील सोबत्याचे, बंद घराचे किंवा ओळखीच्या दुकानाचे नाव-पत्ता देतात आणि घेताना फक्त मोबाइल क्रमांक आपला ठेवतात. म्हणून फोनवरील मागणीची नोंद, कुरिअरच्या संकेतस्थळावर तो पार्सल क्रमांक कोणी तपासत होते याची माहिती, पैसे गेल्याचा माग आणि पार्सल घेतानाचे सीसीटीव्ही चित्रण हे सारे एकत्र यावे लागते. हे चित्रण अनेक दुकानांत थोड्याच दिवसांत पुसले जाते.

भुसावळ किंवा जळगावला पार्सल पकडून तेथेच उघडण्याऐवजी ते देखरेखीखाली पुढे जाऊ देणे पुष्कळदा अधिक उपयोगी ठरते. कलम ५० क मध्ये अशा नियंत्रित वितरणाची तरतूद आहे, पण त्यासाठी नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोच्या महासंचालकांची किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. स्थानिक ठाण्याने परस्पर असा प्रयोग करू नये. आणखी एक गैरसमज असा की कलम ५० मधील, राजपत्रित अधिकारी वा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क पार्सललाही लागू होतो. ते कलम अंगझडतीपुरते आहे.

७. फोन आणि लॅपटॉप जप्त करताना खटला कोठे बिघडतो?

माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. डार्क वेबचे खटले टॉरमुळे जेवढे कोसळतात त्याहून अधिक ते पंचनाम्यामुळे कोसळण्याचा धोका असतो.

पहिली गोष्ट म्हणजे चालू यंत्र. सवयीने अंमलदार लॅपटॉप बंद करतात, सील करतात आणि मुद्देमाल क्रमांक देतात. डिस्क कूटबद्ध असेल तर त्या क्षणी किल्ली तात्पुरत्या स्मृतीतून नाहीशी होते आणि मागे राहतो तो न उघडणारा डबा. चालू यंत्र मिळाले तर पडद्यावरील दृश्याचे चित्रीकरण करावे, नेटवर्क तोडावे, यंत्र जागे ठेवावे आणि प्रशिक्षित माणूस येईपर्यंत त्याला हात लावू नये. याउलट बंद यंत्र ‘बघू तरी काय आहे’ म्हणून सुरू करू नये, कारण सुरू होतानाच शेकडो फायलींच्या वेळा बदलतात आणि बदल पोलिसांनी केला की आरोपीने हा वाद उभा राहतो.

दुसरी गोष्ट हॅश व्हॅल्यू. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ही ओळखसंख्या पूर्ण बदलते, म्हणून जप्तीच्या वेळचा पुरावा आणि न्यायालयासमोरचा पुरावा एकच आहे हे तिच्यावरून दाखवता येते. नेहमी वापरली जाणारी एसएचए-२५६ ही संख्या ६४ अक्षरांची असते. ती मराठी पंचनाम्यात हाताने उतरवताना एखादे अक्षर चुकते आणि दोन वर्षांनी तेच अक्षर उलटतपासणीत समोर येते. तिची छापील प्रत काढून त्यावर पंचांच्या सह्या घेणे आणि ती पंचनाम्याला जोडणे हा साधा उपाय आहे. पंचांना ही संख्या कशासाठी आहे हे जागेवर समजावून सांगावे. साक्षीच्या पिंजऱ्यात ‘पोलिसांनी सांगितले म्हणून सही केली’ असे म्हणणारा पंच फितूर झालेला नसतो; त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते.

तिसरी गोष्ट इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचे प्रमाणपत्र. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम ६५ ब आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ झाले आहे. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः हजर केले नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. नव्या अधिनियमात त्याचे दोन भाग आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश व्हॅल्यू नमूद करावी लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरणही आवश्यक केले आहे. त्या चित्रीकरणालाही स्वतःचे प्रमाणपत्र लागते, आणि नेमके तेच जोडायचे राहून जाते.

८. आरोपीने पासवर्ड द्यायला नकार दिला तर?

कायदा येथे अजून स्थिर झालेला नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे मत दिले की पासवर्ड देणे म्हणजे अशी साक्ष नव्हे. दिल्लीतील विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये नेमके उलट मत दिले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली माहिती उलगडण्यास सहाय्य न केल्यास ७ वर्षांपर्यंत कारावास आहे, पण ते कलम देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठी आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच वापरता येते. ठाण्यातील चौकशीत धमकी म्हणून त्याचा उच्चार करणे गैर आहे. दबाव टाकून मिळवलेल्या पासवर्डपेक्षा न्यायालयाचा आदेश घेऊन केलेली झडती अधिक टिकते.

९. पोलीस स्वतः ग्राहक बनून माल मागवू शकतात का? त्याला फूस लावणे म्हणत नाहीत का?

बनावट ग्राहक ही आपल्याकडे जुनी आणि मान्य पद्धत आहे. जो विकतच आहे त्याला विकण्याची संधी देणे वेगळे आणि जो विकत नव्हता त्याला गुन्ह्याला प्रवृत्त करणे वेगळे. डार्क वेबवर ही रेषा ओलांडली जाण्याचा धोका अधिक असतो, कारण तेथे पोलीस काय बोलले याची नोंद त्यांच्याच हातात असते.

परदेशात यंत्रणा याहून पुढे गेल्या. डच पोलिसांनी २०१७ मध्ये हान्सा हा बाजार सुमारे महिनाभर स्वतः चालवला आणि अल्फाबे बंद झाल्यावर तिकडे धावलेल्या विक्रेत्यांची माहिती गोळा केली. एफबीआयने २०१५ मध्ये प्लेपेन हे बालशोषणाचे संकेतस्थळ सुमारे दोन आठवडे चालू ठेवून पाहणाऱ्यांचे खरे आयपी पत्ते मिळवले. एका जिल्ह्याच्या न्यायालयाचे एकच वॉरंट जगभर वापरल्याने अमेरिकेतील न्यायालयांत मतभेद झाले, आणि एका खटल्यात तर सरकारने आपले तंत्र उघड करण्याऐवजी खटलाच मागे घेतला. मुलांच्या शोषणाची सामग्री पोलिसांच्या हातून एक दिवसही लोकांपर्यंत जावी हे मला कोणत्याही कारणासाठी मान्य नाही. सिल्क रोडच्या तपासातील दोन अमेरिकी अधिकाऱ्यांनी तर बिटकॉइन स्वतःकडे वळवले आणि २०१५ मध्ये दोघांनाही सुमारे सहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. गुप्त खात्याचे पासवर्ड एकाच अधिकाऱ्याकडे न ठेवणे आणि प्रत्येक संवाद त्याच दिवशी नोंदवणे हा नियम म्हणूनच हवा.

१०. आरोपी आणि सर्व्हर दोन्ही परदेशात असतील तर धुळ्याच्या न्यायालयाला अधिकार आहे का?

अधिकार आहे, हात पोहोचत नाही. भारतातील संगणक लक्ष्य करून जगात कोठूनही गुन्हा केला तरी भारतीय न्याय संहितेचे कलम १(५) लागू होते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७५ याच अर्थाचे आहे. परदेशातील पुराव्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली न्यायालयाकडून विनंतीपत्र घेऊन ते केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत पाठवावे लागते. अमेरिकेशी असा परस्पर साहाय्याचा करार २००५ पासून अमलात आहे, तरीही उत्तर येण्यास फार वेळ लागतो आणि नोंदी जपण्याची मुदत तोवर संपलेली असते. सायबर गुन्ह्यांवरील बुडापेस्ट कराराचा भारत सदस्य नाही.

फरार आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ ने दिली आहे, परंतु त्यासाठी त्याला आधी फरारी घोषित करावे लागते. ज्याचे फक्त टोपणनाव माहीत आहे त्याच्या नावाने उद्घोषणा निघत नाही.

११. डार्क वेबवर गुन्हा केल्यास भारतात शिक्षा किती होते?

डार्क वेब या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही आणि त्याच्या वापरामुळे शिक्षा आपोआप वाढत नाही. मूळ गुन्हा ज्या कायद्यात बसतो तेथील शिक्षा लागते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख फसवून वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड, आणि हा गुन्हा जामीनपात्र आहे. हजारो लोकांची माहिती विकणारा आणि एका मित्राचा पासवर्ड चोरणारा एकाच मर्यादेत येतात, हे मला अन्यायाचे वाटते.

एनडीपीएसमध्ये शिक्षा वजनावर ठरते. एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाचे अल्प प्रमाण ०.००२ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण ०.१ ग्रॅम आहे. व्यापारी प्रमाणाला कलम २२ खाली किमान १० आणि कमाल २० वर्षे सक्तमजुरी आहे. डार्क वेबवरून येणारे एलएसडी कागदाच्या इवल्या तुकड्यांत मुरवलेले असते. मिश्रणाचे संपूर्ण वजन धरावे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कागदाचे वजनही धरायचे असा निर्णय दिला. १०० मायक्रोग्रॅमचा एक तुकडा धरला तर शुद्ध द्रव्याच्या हिशेबाने व्यापारी प्रमाणाला हजार तुकडे लागतील. कागदासह मोजले तर दहाच्या आतबाहेरच ती रेषा ओलांडली जाते. महाविद्यालयातील मित्रांसाठी मागवलेले पाकीट आणि जून २०२३ मध्ये नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने देशभरातून पकडलेले सुमारे १५,००० तुकडे यांना मग किमान शिक्षा एकच ठरते.

भारतीय न्याय संहितेचे संघटित गुन्हेगारीचे कलम १११ सायबर गुन्ह्यांनाही लागू आहे, पण त्यासाठी मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल असावी लागतात. ज्याची सारी हुशारी ओळख लपवण्यात आहे त्याच्या नावावर जुनी दोषारोपपत्रे बहुधा नसतातच.

१२. जामीन मिळतो का?

व्यापारी प्रमाण असेल तर एनडीपीएसचे कलम ३७ आडवे येते. आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे असे न्यायालयाला वाटले पाहिजे. अशा गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी १८० दिवस मिळतात आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल त्या मुदतीत येणे कळीचे ठरते. खटला अवाजवी लांबला तर कलम ३७ असूनही जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. खान्देशातील तिन्ही जिल्ह्यांचे असे अर्ज सत्र न्यायालयानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जातात.

१३. एकाच प्रकारच्या गुन्ह्यात एकाला जन्मठेप आणि दुसऱ्याला दीड वर्ष, असे कसे होते?

कारण गुन्हा जागतिक आहे आणि शिक्षा स्थानिक. उल्ब्रिख्तला मे २०१५ मध्ये पॅरोलशिवाय जन्मठेप झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. बालशोषणाच्या चित्रफिती विकणारे ‘वेलकम टू व्हिडिओ’ हे संकेतस्थळ चालवणाऱ्या दक्षिण कोरियातील तरुणाला दीड वर्षाची शिक्षा झाली; त्याच प्रकरणात ३८ देशांत ३३७ जणांना अटक झाल्याचे जाहीर झाले. २०२० मध्ये सोलच्या न्यायालयाने त्याचे अमेरिकेला प्रत्यार्पणही नाकारले. उत्तराखंडातील हल्द्वानीच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने अमेरिकेत गुन्हा कबूल केला, सुमारे १५ कोटी डॉलरचे चलन सोडून दिले आणि २०२४ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

बाजार चालवणाऱ्याची जबाबदारी प्रत्येक विक्रीपर्यंत किती पोहोचते, याचे उत्तर प्रत्येक देश वेगळे देतो. मला खटकते ते हे, की ज्या प्रकरणात बळी लहान मुले होती तेथील शिक्षा या तिन्हींत सर्वांत कमी होती. गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घेण्याची अमेरिकी पद्धत मात्र आपल्याकडे तशी चालत नाही. आपल्याकडील समझोत्याची तरतूद ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच आहे आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांना ती लागू नाही.

१४. मुलांच्या शोषणाची सामग्री फक्त पाहिली, साठवली नाही. तरीही गुन्हा होतो का?

होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब मध्ये अशी सामग्री शोधणे आणि चाळणे हेही समाविष्ट आहे. पहिल्या दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कारावास आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात पोक्सो या बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या कलम १५ चा अर्थ लावताना, सामग्रीवर नियंत्रण असेल तर प्रत्यक्ष साठवणूक नसली तरी ताबा मानता येतो, असे सांगितले. कोणी नको असलेला दुवा पाठवला आणि तो अनवधानाने उघडला गेला तर तो लगेच बंद करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवावे. तेथे अशी तक्रार नाव न देताही करता येते. पुरावा म्हणून ती सामग्री दुसऱ्याला, अगदी वकिलालाही, पुढे पाठवू नये. पाठवणे हा वेगळा गुन्हा आहे.

१५. मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि त्याने असे पार्सल मागवले; पुढे काय होते?

तो बाल न्याय मंडळापुढे जातो, पोलीस कोठडीत नाही. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर किमान ७ वर्षे शिक्षेचा गुन्हा असेल तर मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून त्याला प्रौढ म्हणून खटल्यास पाठवायचे का हे ठरवते. एनडीपीएसच्या व्यापारी प्रमाणाची किमान शिक्षा १० वर्षे असल्याने तो या वर्गात येतो, आणि प्रश्न ११ मध्ये आलेला कागदाच्या वजनाचा वाद येथे मुलाचे आयुष्य ठरवतो. म्हणून पालकांनी पहिल्याच दिवशी जन्माचा दाखला किंवा शाळेचा दाखला सादर करावा आणि जप्त पदार्थाचे वजन कागदासह केले की वेगळे, याची नोंद पंचनाम्यात आहे का हे वकिलामार्फत तपासावे.

प्रमाण अल्प असेल आणि मुलगा व्यसनाच्या आहारी गेला असेल तर एनडीपीएसचे कलम ६४ क उपयोगी पडते. सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा खटला चालवता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. हा अर्ज करण्याचा सल्ला फार थोड्या पालकांना मिळतो. तो वेळेत करावा आणि उपचार सुरू झाल्याचा कागद न्यायालयात दाखल करावा.